पंधरवड्यातून एकदा मानसशास्त्रज्ञ गावात येणार आहेत. नेमकं काय बसवायचं?

म्हादईकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका पंचायतीत महिला स्वयंसाहाय्य गटांनी मिळून ठरवलंय की मानसिक आरोग्याची काहीतरी सोय गावातच हवी. पणजीच्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पंधरवड्यातून एकदा, शनिवारी चार तास यायला तयार आहेत. जागा म्हणजे पंचायतीचं सभागृह. प्रौढ लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. त्यात वर डोंगराला दोन धनगरवाडे, आणि खाणीच्या ट्रकांवर पोट असलेली बरीच घरं. बांबोळीच्या सरकारी मनोविकार इस्पितळात जायचं तर आधी पणजीची बस, तिथून दुसरी, मग रांग, आणि संध्याकाळची गाडी चुकली की झालं. एक रोज मोडतो, सोबत आलेल्याचा दुसरा. म्हणून माणसं जात नाहीत, गेलेली दुसऱ्यांदा जात नाहीत.

विचारायचंय ते असं. सुरुवात मोठ्या शिबिराने करावी का? प्रश्नावली कुठली वापरावी? गावातल्या बारावी झालेल्या मुली-बायकांना शिकवून त्यांच्याकडून समुपदेशन करून घेता येतं का, की तो खेळ अंगाशी येईल? दारूचं काय करायचं? आणि पाटीवर काय लिहायचं? सरपंच म्हणतात, ‘मानसिक’ हा शब्द दिसला तर एक माणूस पायरी चढणार नाही.

---

रातांबा

आधी पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करा, म्हणजे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील.

महिन्यात दोन शनिवार, प्रत्येकी चार तास. एका बैठकीला ३०-४० मिनिटं, मधली नोंद धरून दिवसाला पाच माणसं. वर्षाचे २४ शनिवार, म्हणजे १२० बैठका. नैराश्यासाठीच्या संक्षिप्त उपचारालाही माणशी सहा ते आठ बैठका लागतात. सरासरी सात धरल्या तर वर्षाला सतरा माणसं, आणि तीही एकही बैठक चुकली नाही तर.

आता गरज बघा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांत दहा-अकरा जणांना त्या वेळी एखादा मानसिक विकार होता. त्या बारा राज्यांत गोवा नव्हता, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नका. पण अंदाजापुरता घेतला तरी तीन हजारांत तीनशे. सतरा आणि तीनशे!

दुसरी अडचण तालाची आहे. हे उपचार आठवड्याच्या अंतराने बसवलेले असतात. पंधरा दिवसांचं अंतर पडलं की गेल्या वेळी ठरलेलं माणूस विसरतो, आणि मधला एक शनिवार चतुर्थी-जत्रेत गेला की महिना उलटतो.

तेव्हा मानसशास्त्रज्ञ बाईंना रुग्ण तपासायला बोलावू नका. गावातल्या दोघीतिघींना घडवायला आणि त्यांच्या कामावर नजर ठेवायला बोलावा. दोन समुपदेशक, प्रत्येकी आठवड्याला तीन दिवस, दिवसाला चार बैठका. दोघींच्या मिळून आठवड्याला चोवीस. सणवार वगळून ४६ आठवडे धरले तर ११०० च्या वर. त्यातला तिसरा हिस्सा ‘आज जमत नाही’ यात जातो असं गृहीत धरा. उरल्या साडेसातशेच्या आत-बाहेर, म्हणजे शंभरएक माणसं. त्याच बाई, तेच शनिवार.

आणि हा खेळ अंगाशी येणारा नाही. तो याच गोव्यात तपासून झालाय. ‘संगात’ ही संस्था इथे १९९६ मध्ये सुरू झाली, डॉ. विक्रम पटेल तिचे एक संस्थापक. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवून त्यांनी मोठ्या चाचण्या केल्या. ‘मानस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत स्पष्ट फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. नंतरच्या चाचणीत, तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी समुपदेशन मिळालेले ६४ टक्के तीन महिन्यांनी लक्षणांतून बाहेर होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. हे काम जगभर दाखल्यासाठी घेतात, आणि सत्तरीत शिबिराचे मंडप घालायची चर्चा चालते.

---

पिंपळकट्टा

रातांबांशी सहमत, पण ‘मुलींना शिकवून’ हे वाटतं तितकं स्वस्त काम नाही. पर्यवेक्षकाच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो.

निवड: शिक्षणापेक्षा कान बघा. एकेकीला दहा मिनिटं नाटुकल्यात बसवा. समोरची म्हणते, ‘झोप लागत नाही, जीव घाबरतो.’ जी दोन मिनिटांत ‘अगं, देवाचं नाव घे, सगळं ठीक होईल’ म्हणाली ती गळाली. जिने विचारलं ‘कधीपासून? रात्री उठून काय करता?’ ती घ्या. भजनी मंडळात, गटाच्या बैठकीत जी सगळ्यांना सल्ले देते ती सहसा या कामाला उपयोगी नसते. आणि दोघी एकाच वाड्यावरच्या नकोत. गावकरवाड्यावरची मुलगी बसली तर धनगरवाड्यावरचं कोणी येणार नाही. जाहीर कोणी बोलत नाही, पण होतं असंच.

प्रशिक्षण: गोव्यातल्या त्या चाचण्यांत तीन आठवड्यांचा वर्ग आणि त्यानंतर सहा महिने उमेदवारी होती. दोन दिवसांच्या कार्यशाळेत हे काम येत नाही. तुमच्याकडे महिन्याला आठच तास आहेत, म्हणून पहिले तीन-चार महिने बाईंनी एकही रुग्ण बघू नये. वर्ग, नाटुकली, मग दोन-तीन सोपी प्रकरणं आणि लगेच उजळणी. गावाला हे आधीच सांगा, नाहीतर ‘डॉक्टरीण येते आणि नुसती गप्पा मारून जाते’ अशी बोंब होते.

शिकवायचं काय? एकच गोष्ट नीट शिकवा, ती म्हणजे कृतीतून मनाला चालना देणं. उदास माणूस म्हणतो, मन लागलं की कामाला लागेन. इथे उलटं करायचं असतं. आधी छोटं काम, मन मागून येतं. हा सुविचार नव्हे, उपचाराचा गाभा आहे. माणूस घरात कोंडून घेतो, त्यामुळे बरं वाटण्याचे प्रसंग आटतात, म्हणून आणखी उदास होतो, म्हणून आणखी कोंडून घेतो. हा फेरा कुठेतरी तोडायचा.

पहिल्या एक-दोन बैठका हा फेरा त्या माणसाच्याच दिवसावर समजावण्यात जातात. मग आठवड्याचा तक्ता: सकाळ, दुपार, संध्याकाळ, काय केलं आणि मन कसं होतं. शून्य ते दहा गुण द्यायला सांगाल तर धनगरवाड्यावरची आजी बघतच राहील. पाच काजूबिया समोर ठेवा, ‘आज मन कितपत होतं, तेवढ्या उचला.’ लिहिता येत नसेल तर चूल, विहीर, देऊळ, अंथरूण अशी चित्रं काढलेला तक्ता करा.

मग काम ठरवायचं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘थोडं बाहेर पडत जा’ हे काम नव्हे. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी पाच वाजता शेजारच्या काकींबरोबर देवळापर्यंत जाऊन यायचं’ हे काम. वार, वेळ, सोबत, आणि आडवं काय येईल ते. पाऊस आला तर? सासूबाईंनी हटकलं तर? त्याची उत्तरं तिथेच शोधून ठेवायची. ठरवलेलं झालं नाही तर चूक माणसाची धरायची नाही, काम मोठं घेतलं होतं असं समजून अर्धं करायचं. देवळापर्यंत नको, फाटकापर्यंत.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून अडचण सोडवणं सुरू होतं. खाणपट्ट्यातल्या घरांत ही पायरी लवकर येते. २०१२ आणि २०१८ च्या खाणबंदीनंतर दारात उभा राहिलेला ट्रक आणि त्याचे हप्ते हे ‘नकारात्मक विचार’ नव्हेत, खरं कर्ज आहे. अशा माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवून घरी पाठवणं म्हणजे थट्टा. कागदावर सगळी देणी लिहून काढायची, कोणाशी आधी बोलायचं ते ठरवायचं, बँकेत जाताना सोबत कोण ते ठरवायचं. शेवटच्या बैठकीत पुन्हा बिघडू लागलं तर पहिली खूण कोणती, हे त्याच्याकडूनच वदवून घ्यायचं. कोणाची खूण आंघोळ टाळणं असते, कोणाची फोन न उचलणं.

पर्यवेक्षण: यात काटछाट केलीत तर बाकीचं सगळं वाया. आठवड्याला दोन तास समुपदेशकांनी एकत्र बसायचं, बाई नसल्या तरी. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केलेली एक बैठक सगळ्यांनी ऐकायची आणि ठरलेल्या मुद्द्यांवर गुण द्यायचे: समोरच्याला बोलू दिलं का, गेल्या वेळचं काम विचारलं का, नवं काम वार-वेळेसह ठरलं का, सल्ला दिला का. शनिवारी बाईंनी तीच ऐकून आपले गुण द्यायचे आणि फरक कुठे पडला ते बोलायचं. मुद्रण ऐकून झालं की पुसून टाकायचं, व्हॉट्सॲपवर पाठवायचं नाही. आणि मानधन द्या. ‘सेवा’ म्हणून सुरू केलेलं काम काजूच्या हंगामात बंद पडतं, त्यात त्या बायकांचा दोष नसतो.

---

ओपीडी_सात_नंबर

पिंपळकट्टांनी समुपदेशनाचं लिहिलं. मी छाननी आणि वैद्यकीय बाजूचं लिहिते.

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. विनामूल्य आहे, मराठीत उपलब्ध आहे. पाचच्या खाली विशेष नाही, ५-९ सौम्य, १०-१४ मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र. वर ज्या ६४ टक्क्यांचा उल्लेख आहे, ते लोक चौदाच्या वरचे होते.

तुमच्या भागात लोक वाचतात मराठीत आणि बोलतात कोंकणीत. प्रश्न हातात देऊन भरून घेऊ नका. समुपदेशकाने बोलीत विचारायचे, पण सगळ्यांनी एकाच शब्दांत, तो मजकूर आधी ठरवून. नेहमीचे घोटाळे दोन. पहिला, लोक ‘होय’ किंवा ‘ना’ एवढंच सांगतात. ‘काही दिवस’, ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ आणि ‘जवळजवळ रोज’ यांतला फरक दर वेळी विचारावा लागतो. दुसरा, ‘गेले दोन आठवडे’ ही मुदत हवेत राहते, माणूस नवरा वारला तेव्हापासूनचं सांगू लागतो. गेल्या पंधरवड्यातली एखादी खूण धरा: एकादशी, गावातलं लग्न, बाजाराचे मागचे दोन वार.

तिसरी गोष्ट घोटाळा नव्हे, वैद्यक आहे. झोप, थकवा, भूक या प्रश्नांचे गुण रक्तक्षयाने आणि थायरॉइडनेही चढतात. बाई फिकट दिसत असेल, पाळी जास्त जात असेल, तर हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघितल्याशिवाय ‘नैराश्य’ असा शिक्का मारू नका. उलटही खरं आहे. अंगावर पांढरं जाणं, अशक्तपणा, हातापायांत मुंग्या अशा तक्रारी घेऊन बायका वर्षानुवर्षं टॉनिकं खातात. गोव्यात झालेल्या अभ्यासांत पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त दिसला होता. म्हणून समुपदेशकाला पाठवलेली बाई आधी आरोग्य केंद्रातून जाऊन आलेली असावी.

गोव्यात महाराष्ट्रासारखी आशा सेविकांची फळी नाही, हे बाहेरून आलेले प्रशिक्षक विसरतात. तुमचा धागा म्हणजे एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका), बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका. बाळंतिणींपर्यंत अंगणवाडीच पोहोचते.

नववा प्रश्न, मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. इथे शून्यापेक्षा काहीही आलं की उरलेला कार्यक्रम बाजूला ठेवायचा. स्पष्ट विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का? कसा, हे डोक्यात आहे का? ते साधन घरात आहे का? आज-उद्याचं काही ठरलंय का? पूर्वी प्रयत्न झालाय का? विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारल्याने सुटल्यासारखं होतं. बेत आणि साधन दोन्ही असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, त्याला सांगून घरच्या एकाला बोलवायचं, आणि १०८ ने थेट बांबोळीला, ‘उद्या जा’ म्हणून नव्हे. बेत नाही, नुसते विचार आहेत, तरी कीटकनाशक, उंदराचं औषध आणि घरात साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी दुसऱ्या घरी कुलपात जातील असं बघा. अशी लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी बाटली नसणं यानेच माणूस वाचतो. रात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ घरातल्या फोनवर साठवून द्या, चोवीस तास चालतो.

समुपदेशकांनी कधीही स्वतःकडे ठेवायचे नाहीत असे लोक: कानात आवाज येणारे, संशयाने घरच्यांवर धावून जाणारे, चार-चार रात्री न झोपता उत्साहात असलेले, झटके येणारे, बाळंतपणानंतर अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागलेल्या बायका. हे थेट डॉक्टरकडे. दर वेळी बांबोळीपर्यंत जावं लागतंच असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली बाहेरच्या आरोग्य केंद्रांत ठरावीक वारी मनोविकार ओपीडी होते. तुमच्या जवळची कुठे आणि कुठल्या वारी, ते वाळपईच्या केंद्रात विचारून पाटीवर लिहा. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरचाच. समुपदेशकाने एवढंच बघायचं की नैराश्याच्या गोळीला गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात हे त्या माणसाला माहीत आहे. नाहीतर आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पट्टी कपाटात जाते.

घाडी (गावचा मांत्रिक) आणि देवाला विचारायचे कौल, प्रसाद यांच्याशी भांडू नका. ‘आधी कुठे दाखवलं?’ एवढं सहज विचारा. कौल लावायचा तर लावा, गोळी मात्र थांबवू नका, एवढा करार पुरतो. भांडलात तर कौल चालू राहील आणि तुम्ही बंद.

---

जांभ्या

शिबिराला इतकं झोडपू नका. वर्षातून एक शिबिर उपयोगी असतं: वर्षानुवर्षं मागच्या खोलीत ठेवलेले गंभीर आजाराचे रुग्ण त्या निमित्ताने कळतात आणि अपंगत्वाच्या दाखल्याची वाट सुरू होते. फक्त ते पहिलं पाऊल नको. पुढच्या शनिवारी कुठे यायचं ते सांगता येत नसेल तर तपासणी करूच नये. दुखणं उघडं करून निघून जाण्यासारखं आहे ते.

पाटीबद्दल सरपंच बरोबर आहेत. सामान्य माणसाच्या कानाला ‘मानसिक’ म्हणजे पिसो, वेडा. लोक स्वतः वापरतात तो शब्द ‘टेन्शन’. ‘झोप, टेन्शन, बीपी, शुगर तपासणी’ असं लिहा आणि खरंच एक बीपीचं यंत्र ठेवा. मग कोण कशासाठी बसलाय ते रांगेतून कळत नाही.

एक अवांतर. मानसशास्त्रज्ञ म्हटलं की ‘संमोहन करणार का?’ असा प्रश्न हमखास येईल, तयारी ठेवा. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा तो हात पसरलेला पुतळा सगळ्यांनी पाहिलेला असतो. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसात संमोहनाचे प्रयोग करायचा. बांबोळीच्या संस्थेआधीचं जुनं इस्पितळही त्याच्याच नावाचं होतं.

---

भाटीपलीकडे

दारूचं वेगळं लिहितो, कारण ते नैराश्याच्या पोटात घालून चालत नाही.

ऑडिट नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, एकूण गुण ४०. आठपासून धोक्याचं पिणं, वीस आणि वर म्हणजे व्यसन जडल्याची दाट शक्यता. गोव्यात ज्या समुपदेशनाची चाचणी झाली ते १२ ते १९ गुणांच्या पुरुषांसाठी होतं, फक्त एक ते चार बैठका. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारांत २६ टक्के. जादू नाही, पण चार बैठकांच्या मानाने वाईटही नाही.

मोजमापात लोक फसतात ते असं. प्रश्नावलीतलं ‘एक पेय’ म्हणजे सुमारे १० ग्रॅम मद्यार्क. बाटलीबंद फेणी ४२.८ टक्के धरली तर ते ३० मिली. म्हणजे १८० मिलीची क्वार्टर हे ‘दोन पेग’ नसून सहा पेयं झाली. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर चार पेयं. हुर्राक फेणीपेक्षा सौम्य म्हणून लोक तो मोजतच नाहीत, ‘लिंबू-सोडा घालून घेतला’ म्हणतात, आणि पितात मात्र तांब्याने. ‘किती पिता?’ विचारू नका. भांडी समोर मांडा, छोटा ग्लास, क्वार्टर, बियरची बाटली, आणि ‘शेवटचा पिण्याचा दिवस कुठला, तेव्हा कशाने किती?’ असं विचारा. मार्च ते मे भट्ट्या पेटलेल्या असतात, तेव्हाचं पिणं आणि ऑगस्टमधलं वेगळं. प्रश्न गेल्या वर्षाचे आहेत, त्या हंगामाचं वेगळं विचारून घ्या.

बैठकीत व्याख्यान देऊ नका. त्याचेच आकडे त्याच्यापुढे ठेवा, पिण्याचे फायदे-तोटे त्यालाच सांगू द्या, आणि बदल त्याच्या तोंडून आला की तो पकडा. ‘मुलगी हल्ली बोलत नाही’ हे वाक्य त्याने उच्चारलं की त्याच्यापुढे तुमचे यकृताचे तक्ते फिके आहेत.

आता धोका. रोज सकाळपासून पिणारा माणूस बायकोने शपथ घातली, देवासमोर नारळ ठेवला, म्हणून एकदम थांबतो. सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत थरथर, घाम, आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होतो, माणूस भिंतीवर किडे बघतो. हा जिवावरचा प्रसंग आहे, आणि घरचे त्याला ‘बाधा’ समजून खोलीत कोंडतात. सकाळी हात थरथरतात का, थांबवल्यावर पूर्वी आकडी आली होती का, हे दोन प्रश्न प्रत्येकाला. उत्तर होय असेल तर ‘आजपासून बंद’ असं त्याला कोणीही सांगू नये. आधी डॉक्टर, औषधांच्या आधाराने बंद करणं, आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व). इस्पितळात नेलं तर ‘रोज पितो, परवापासून थांबलाय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. नुसतं ग्लुकोजचं सलाईन आधी आणि थायमिन मागाहून असं झालं तर मेंदूला इजा होऊ शकते.

---

म्हादईकाठ

खूप आभार. शिबिर पुढे ढकलतोय. दोन शंका राहिल्या. सभागृहाला एकच मोठी खोली आहे, बाहेर कट्ट्यावर कायम माणसं. आणि गुप्ततेचं काय? नवरे, सासवा, पंच, सगळे विचारणार की ती काय बोलली.

---

पिंपळकट्टा

सभागृह सोडा. अंगणवाडी दुपारनंतर रिकामी असते. शाळेची एखादी खोली शनिवारी दुपारी मिळते. हवं ते असं: येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा, दार लोटता येईल, खिडकीला पडदा. दारापासून सहा-सात पावलांवर बीपीचं टेबल, म्हणजे तिथलं बोलणं आतलं झाकतं. पंखा मोठ्याने वाजत असेल तर दुरुस्त करू नका. खुर्च्या समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या, म्हणजे नजर चुकवायची झाली तर चुकवता येते. वेळ दुपारी तीन ते पाच. काजूच्या दिवसांत सकाळी बायका डोंगरावर असतात.

नोंदवहीत नाव लिहू नका, क्रमांक लिहा. नाव आणि क्रमांकाची जोडी वेगळ्या वहीत, कुलपात, किल्ली समुपदेशकाकडे, पंचायतीकडे नाही. पहिल्याच बैठकीत विचारून ठेवा: फोन केला तर चालेल का, कुठल्या नंबरवर, कुठल्या वेळी, दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचं. बैठक चुकली की दुसऱ्या दिवशी एक फोन. घरी जायचं ते आधी होकार घेतला असेल तरच. गावात तुमची स्कूटर कोणाच्या दारात उभी आहे ते सगळ्यांना दिसतं.

सासू ‘मी पण बसते’ म्हणाली तर पहिली दहा मिनिटं बसू द्या, तिच्या गुडघ्यांची चौकशी करा, मग ‘आता हिचा बीपी शांतपणे बघायचा आहे’ म्हणून बाहेर पाठवा. पंचांसाठी उत्तर एकच, आणि ते आधी मासिक सभेत सांगून टाका: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्या माणसाला दिला आहे, कलम २३.

गुप्ततेला अपवाद आहेत, ते माणसाने बोलायला सुरुवात करण्याआधी त्याला सांगायचे. जिवाला धोका असेल तर घरच्यांना आणि डॉक्टरला कळवणार. अठराखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. ते समुपदेशकाच्या मर्जीवर नाही.

---

ओपीडी_सात_नंबर

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक जोडते. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला घरचे इस्पितळात न्यायला घाबरतात, ‘पोलीस केस होईल’ म्हणून, आणि ‘चुकून प्यायला’ असं सांगतात. काय आणि किती प्यायला हे खोटं सांगितलं की उपचार चुकतात. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलमही जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत तसं राहिलेलं नाही. इस्पितळातून पोलिसांना नोंद जाईल, जबाब होईल, त्यात घाबरण्यासारखं नाही. हे समुपदेशकांकडून प्रत्येक वाड्यावर एकदा तरी सांगून होऊ द्या. आणि बाटली सोबत न्यायला सांगा, रिकामी असली तरी, लेबलासकट.